मागचं इंजिन

कर्जतच्या माणसाला पळण्याचं कौतुक नाही. डबा, छत्री आणि तोंडातला घास सांभाळत तो रोज लोकल गाठायला पळतो. त्याबद्दल कुणाला पदक मिळाल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे ४२.१९५ किलोमीटरच्याही पुढे, ऐन रविवारी, वर पैसे भरून पळण्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात हे शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या हिने ‘त्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?’ अशी हळूच चौकशी केली.

डॉक्टरांना नुसतं पळायचं नव्हतं, शर्यतही भरवायची होती. कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांजवळून वर राजमाची, आणि परत. वाट कळावी म्हणून झाडांना लाल फिती बांधल्या. पहिल्या वळणावरच्या शेळीने खाल्ल्या, पुढच्या वाडीतल्या मुलींच्या वेण्यांत निघाल्या. उधेवाडीचे एक मामा शांतपणे म्हणाले, “वळणावर आमचा पोरगा उभा करा. त्याला शेळी खात नाही.”

माझ्याकडे आलं पाणी-केंद्र. केळी, संत्री, गूळ-शेंगदाणे आणि उकडलेले बटाटे, शेजारी मिठाची ताटली. सकाळी एक कंपनीवाले साहेब आले. मनगटावरच्या घड्याळाशी बोलत होते, आमच्याशी नाही. ‘बटाट्यात कार्ब्स किती?’ एवढं विचारून गेले. दुपारी दुसऱ्या फेरीला तेच साहेब दगडावर बसले ते उठेनात. वाडीवरच्या मावशींनी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. साहेबांनी बटाटा सालासकट खाल्ला आणि म्हणाले, “मावशी, तुम्ही जेवलात का?” व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात एवढी प्रगती व्हायला तीन दिवस आणि जीएसटी लागतो.

दक्षिण आफ्रिकेतली ‘कॉम्रेड्स’ ही अल्ट्रामॅरेथॉन १९२१ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी ३४ जण सुटले, १६ पोचले. तिथे आता बारा तास भरले, की पळणाऱ्यांकडे पाठ करून बार काढतात. त्यांचे चेहरे बघवत नसावेत. आमच्या मावशींना ‘वेळ संपली, आवरा’ म्हटलं, तर म्हणाल्या, “खालून एक येतोय. त्याचा बटाटा ठेवलाय.” डॉक्टरांची शिट्टी खिशातच राहिली.

बोरघाटात रेल्वेला ३७ फुटांना एक फूट चढ. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, तेव्हा कुठे गाडी लोणावळ्याला पोचते. प्रवासी त्या वेळात वडे घेत असतात. मागे कोण जोडलं, हे बघायला कुणी उतरत नाही. कर्जत-खालापूर तालुक्यांत माणसांतलेही असे बँकर पुष्कळ, आमच्या मावशींसारखे. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. खोपोलीच्या यशवंती हायकर्सची मुलं मदतीला पावसाचिखलातून पायीच चढली. त्यांच्या छातीवर नंबर नव्हते.

तेव्हा कर्जतला पळायला जरूर या. फक्त अर्ज भरताना ‘स्वयंसेवक’ हा रकाना आधी बघा. दुपारी एक ते चारची पाळी नेहमी रिकामी असते. बटाटे सोलावे लागत नाहीत.