किती देते?

मराठी माणसाला नवी गाडी दाखवा. तो तिच्याभोवती एक फेरी मारील, टायरला अलगद लाथ घालील आणि विचारील, "किती देते?" म्हैस घेतानाही तो हेच विचारतो. फरक इतकाच की म्हैस जितके लिटर देईल तितका घरात आनंद, आणि गाडी जितके लिटर पिईल तितका घरात वाद.

आमच्या साडूंना हा प्रश्न विचारायची सोय नाही. विचारला, की ते वही काढतात.

साडू नागपूरचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक फंडाच्या पैशात फ्लॅट घेतात, तीर्थयात्रा करतात. यांनी लिलावात एक म्हातारी डिझेल जीप घेतली. जीव जीपमध्ये आणि हिशेब वहीत. वही लाल कापडी बांधणीची, रोजकीर्दीची. पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्या पानापासून डिझेल. तारीख, लिटर, मीटरचा आकडा, ॲव्हरेज आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "समोरून वारा", "मेहुणा मागे बसला होता" असे निकाल नोंदवलेले.

आणि हाच माणूस त्या जीपवर सतत काहीतरी चढवत असतो. पुढे रेल्वेच्या रुळातून कापल्यासारखा बंपर. टपावर कॅरिअर, त्यावर दुसरी स्टेपनी, फावडं, लोखंडी साखळी आणि वीस लिटरचा डिझेलचा कॅन. खाली सत्तावीस इंचांचे मूळचे टायर काढून तीस इंची घातलेले. अंगात चिलखत घालून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि काट्याला शिव्या द्यायच्या, तशातला प्रकार.

जुलै सरता सरता मामेसासऱ्यांचा फोन आला. "धानाची रोवणी लागली आहे, दोन्ही जावई या. आपली शेती मामा तलावाच्या खालीच आहे." गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनी आणि साकोलीच्या मधे महामार्ग सोडून आत. मी पुण्याचा. सोसायटीत एका पार्किंगचा मालक असलेला माणूस आमच्याकडे जमीनदार गणला जातो. इथे मामेसासऱ्यांच्या नावाने अख्खा तलाव! मी बायकोच्या माहेराकडे नव्या आदराने पाहू लागलो.

पहाटे साडेचारला साडूंनी उठवलं. "डिझेल थंड असते तवर भरायचं. थंड डिझेल दाट राहते, त्याच लिटरात जास्त येते."

पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही चहा घ्या."

पंपावर टाकी भरली, नळी खट् करून बंद झाली. साडू खाली उतरले आणि बंपर धरून जीप गदागदा हलवू लागले. मलाही दुसऱ्या बाजूने हलवायला लावलं. टाकीत हवेचे बुडबुडे राहतात, ते निघाले की आणखी पाव लिटर जातं. पंपावरचा पोरगा हे दर वेळी बघत असावा. त्याने जांभई दिली. हसू नका. टाकी गळ्यापर्यंत भरायची, फिरून यायचं, पुन्हा त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरायची आणि गेलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागायचं, यापेक्षा सरळ पद्धत कुणाला सापडलेली नाही. अट एकच, दोन्ही वेळा 'गळा' एकच पाहिजे.

महामार्गाला लागलो आणि जीप ताशी पन्नासवर स्थिरावली. स्थिरावली म्हणजे त्यानंतर तिला कसली महत्त्वाकांक्षाच उरली नाही. ट्रक, एसटी, कोंबड्यांचा टेम्पो, सगळे आम्हाला मागे टाकून गेले. डॅशबोर्डवर पीसीआरए या सरकारी संस्थेचं जुनं पत्रक चिकटवलेलं होतं. ही संस्था १९७८ सालापासून देशाला तेल वाचवायला शिकवते आहे, आणि ताशी ४५ ते ५५ चालवा हा तिचा उपदेश. देशात तो पाळणारा बहुधा मी ज्याच्या शेजारी बसलो होतो तोच.

उपदेश मात्र खोटा नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि जीपचा आकार म्हणजे उभं लोखंडी कपाट. मोटारीच्या अंगावरून वारा घसरतो, जीपवर तो येऊन आदळतो. त्यात टपावर कॅरिअर. "कॅरिअर तरी घरी ठेवायचं," मी म्हणालो. "मग फावडं कोठी ठेवू?" यावर मला उत्तर नव्हतं. फावडं कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुपारी कळलं.

"तुमच्या गाडीला कंपनीनं किती सांगितलं होतं?" साडूंनी विचारलं.

"वीस. देते पंधरा."

"वीस पुण्यात देते. तेही खोलीत."

हे खरं आहे. वेताळ टेकडीला लागून १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. तिथे गाडी फिरत्या रुळांवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागेवर. ठरलेल्या आलेखाप्रमाणे वीस मिनिटांच्या आत साडेदहा-पावणेअकरा किलोमीटरांचा 'प्रवास' होतो. सरासरी ताशी बत्तीसच्या आसपास, आणि नव्वदच्या पुढे काटा जातच नाही. खोलीत खड्डा नाही, चढ नाही, आडवी येणारी म्हैस नाही आणि मागे बसलेला मेहुणा नाही. गाडी जागची न हलता किलोमीटर कसे काय तोडते, याचं मला तेव्हा नवल वाटलं. तेही दुपारी फिटलं.

मला वेळ घालवायला काही नव्हतं म्हणून मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होतो. दहा दगड गेले आणि जीपच्या मीटरवर नऊच किलोमीटर झाले. पुन्हा मोजले. पुन्हा नऊ. मग डोक्यात प्रकाश पडला. मीटर मोजतं चाकाचे फेरे, आणि ते समजतं चाक अजून सत्तावीस इंचांचं आहे. तीस इंची चाक एका फेऱ्यात नवव्या हिश्श्याने जास्त अंतर काटतं, आणि बिचाऱ्या मीटरला त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे काटा पन्नासवर असताना आम्ही साडेपंचावन्नने चाललो होतो. पीसीआरएची मर्यादा मोडली होती.

मी हे सांगितल्यावर साडूंनी घाईघाईने वेग पंचेचाळीसवर आणला. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर एका सायकलवाल्याने आम्हाला बराच वेळ साथ दिली.

भंडाऱ्याला पोहे, पुढे गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना, मग लाखनी. दोन्हीकडे पाण्याने भरलेल्या बांध्या आणि त्यांत ओळीने वाकलेल्या बाया. नागझिऱ्याचा जय नावाचा वाघ २०१३ साली याच मुलखातून उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत चालत गेला. त्याला कुणी ॲव्हरेज विचारलं नाही.

महामार्ग सोडला आणि साडूंचा चेहरा उजळला. "आता पाहा जीप." ते उतरले. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका असतो, तो पिळून 'फ्री'चा 'लॉक' केला. फ्री असताना पुढची चाकं नुसती लोळतात, आतला दांडा फिरत नाही, तेवढंच डिझेल वाचतं. लॉक केल्यावर चारी चाकांना जोर. मग काडीने टायरची हवा सोडली, तीसवरून अठरावर. हवा कमी की टायर जमिनीवर पसरतं आणि चिखलात पकड येते. शेवटी छोटा दांडा ओढून लो गिअर टाकला. आता इंजिन जिवाच्या आकांताने फिरत होतं आणि आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत होतो.

साधारण एक किलोमीटर. नंतर पांदण संपली आणि कन्हार माती सुरू झाली. ही काळी चिकणमाती पावसाळ्यात पायातली वहाण परत देत नाही. जीप एका कुशीवर कलली, थांबली आणि चाकं जागेवर गरगरू लागली. मी मीटरकडे पाहिलं. मीटर पळत होतं! साडू ॲक्सिलेटर दाबत होते, जीप तसूभर हलत नव्हती आणि आकडा पुढे सरकत होता. मीटरची केबल गिअरपेटीतून निघते. तिला काय ठाऊक चाकाखाली रस्ता आहे की लापशी. बघता बघता आम्ही त्याच जागी अर्धा किलोमीटर प्रवास केला. एआरएआयला जायची गरज उरली नाही.

"हा अर्धा किलोमीटर वहीत धरणार?" मी विचारलं.

"मीटरवर आला ना?"

मग फावडं बाहेर निघालं. तासाभराने फावडंही दिसेनासं झालं.

शेवटी बाजूच्या बांधीत चिखलणी करणारा ट्रॅक्टर आला. मागे लोखंडी जाळीची चाकं लावलेली, वर विशीतला पोरगा.

"काहून जी, येथी काहाले आनली गाडी?"

साडूंनी त्याला फोर बाय फोर म्हणजे काय ते समजावून दिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि साखळी अडकवली. जीप बाटलीचं बूच निघावं तशी निघाली.

"तुमचा ट्रॅक्टर किती देतो?" साडूंनी विचारलं. स्वभाव.

"का किती देते जी?"

"लिटरला किती किलोमीटर?"

पोरगा गोंधळला. "आमी किलोमीटर नाही मोजत जी. सकारपासून याच बांधीत हाओ. तासाले मोजतो. तासाले चार लिटर."

साडू गप्प झाले. मीही. बांधीत दिवसभर फिरून ट्रॅक्टर संध्याकाळी सकाळी होता तिथेच असतो. त्याला किलोमीटर विचारणं म्हणजे जात्याला विचारणं, की आज कुठवर गेलास? पलीकडे तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजची उघडी खाण आहे. असल्या खाणीतल्या यंत्रांनाही तासांचं मीटर असतं. जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात, रस्ता नसेल तिथे जायला. चिखलात दीड तास ओरडत उभ्या राहिलेल्या इंजिनाने डिझेल प्यायलं ते वेळाचं प्यायलं, अंतराचं नाही. पुण्यात सिग्नलला उभी असलेली माझी गाडीही हेच करते. तिथे फक्त चिखल दिसत नाही.

पोरग्याने पैसे घेतले नाहीत. "डिजल द्या. रोवन्यात पंपावर जायाले टाइम नाही." टपावरच्या कॅनमधून पाच लिटर गेले. साडूंचा चेहरा असा झाला, की मी नजर दुसरीकडे वळवली.

मामेसासरे तलावाच्या पाळीवर छत्री घेऊन उभे होते. "या जावईबापू. बैलगाडीनं आले असते तर जेवायला वेळेवर पोचले असते."

मी तलावाकडे पाहून म्हणालो, "मामाजी, तलाव फार सुंदर आहे तुमचा."

"माझा?" ते हसू लागले. मामा म्हणजे माजी मालगुजारी! गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी लोकांनी असे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले. मालगुजारी १९५१ साली गेली तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होतं. मालगुजार माजी झाले, त्यांच्याबरोबर तलावही. सरकारी कागदावर त्याचं झालं मा.मा. तलाव. बायकोच्या माहेराबद्दलचा माझा आदर पूर्वपदावर आला.

पण तलावाबद्दलचा वाढला. वरच्या अंगाला पाणी अडवलेलं, पाळीतून पाट काढलेला, आणि पाणी एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत आपल्या पायांनी चाललेलं. इंजिन नाही, पंप नाही, गिअर नाही. साडू बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होते. "याचं ॲव्हरेज काढता येत नाही," ते म्हणाले. शून्याने भागता येत नाही, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

परतताना गाडीत चिन्नोर तांदळाचा एक कट्टा, दोन भोपळे आणि चाकांना पोटापर्यंत चिकटलेली कन्हार. मागच्या ब्रेकमध्येही चिखल बसला होता. उतारावरही जीप कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी चालत होती. साकोली रस्त्याला पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. अठराच्या हवेवर डांबरी रस्त्याने थोडंच आलो होतो, पण टायरला हात लावून चटकन काढून घ्यावा लागला. मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात चेंगरतं, पुन्हा उठतं, आणि त्या मळण्यात गरम होतं. ती ऊब दुसरी कुठून येणार? टाकीतूनच.

रात्री नागपूरला त्याच पंपावर आलो. जीप हलवली. पोरग्याने जांभई दिली. बरोबर वीस लिटर गेले. मीटरवर झाले होते १८०. साडूंनी वही मांडीवर घेतली.

"नऊ," ते म्हणाले.

"दहा," मी म्हणालो. "दगडांच्या हिशेबाने दोनशे किलोमीटर झाले. तुमचे टायर मोठे आहेत."

त्यांना दहा हवे होते. पण मग गेल्या तीन वर्षांची पानं बदलावी लागली असती. शिवाय कॅनमधले पाच लिटर होते. ते जीपने प्यायले नव्हते, पण जीपमुळेच गेले होते. ते धरले तर दगडांप्रमाणे आठ आणि मीटरप्रमाणे सात पूर्णांक दोन. एका प्रवासाला चार उत्तरं! बँकेत असं झालं असतं, तर ऑडिट लागलं असतं.

बऱ्याच विचाराने त्यांनी शेवटचं पान उघडलं, वर 'मामा खाते' असं लिहिलं आणि पाच लिटर तिथे टाकले. मग आजच्या नोंदीकडे वळले आणि तोंडात पेन धरून टायरकडे बघत बसले. मीही बघितलं. पुढच्या दोन्ही चाकांचे खटके चिखलाखाली अजून 'लॉक'वरच होते. शंभर किलोमीटर आम्ही ती आतली सगळी यंत्रं विनाकारण फिरवत आणली होती.

मी काही बोललो नाही. त्यांनी नऊचा आकडा टाकला आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "समोरून वारा. पुण्याचे साडभाऊ सोबत होते."