पाळण्याचा रात्रीचा मुक्काम

गुलमर्गचा गोंडोला रोपवे पाहून आलेला माणूस सोलापुरात पुन्हा साधा राहत नाही. "केबिनीचा चिमटा स्प्रिंगवर असतो, स्टेशनात आला की तो दोर सोडतो," हे मी भाजीवालीलाही ऐकवलंय. (तिने तेव्हा कोथिंबीर कमी दिली.) बर्फाच्या देशांत तर बऱ्याच ठिकाणी रात्री रोपवेच्या खुर्च्या न् केबिनी दोरावरून उतरवून छपराखाली लावतात, उघड्यावर ठेवल्या तर त्यांच्यावर बर्फ साचतो, वारा झोडपतो.

एवढी विद्या घेऊन मी मध्यरात्री गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळणा तपासायला गेलो. होम मैदानावर माणसं पांगली होती, भज्यांचा वास तेवढा मागे राहिला होता. पाळणेवाला पाना घेऊन एकेक नट-बोल्ट आवळत होता.

"रात्री पाळणे झाकायला हवेत," मी म्हणालो.

आता, झाकायचं म्हटलं की सोलापूरकराला एकच वस्तू आठवते, आणि मग त्याला आवरणं कठीण. चादर! जॅकार्डवर विणलेली, भौगोलिक मानांकनवाली. थंडीत पांघरा, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरा, लग्नात आहेर करा. फिरत फिरत चौथ्या लग्नात ती आपल्याकडेच परत येते. आल्प्समधल्या प्रत्येक खुर्चीला एकेक चादर द्यायची ठरली, तर... माझ्या डोक्यात निर्यातीची ऑर्डरही निघाली होती.

"काका, दव पडलं तर पुसता येतं," तो म्हणाला. "बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं तर माणूस पडतं."

आणि पुन्हा पान्याला लागला.

संध्याकाळभर याच माणसावर आपण "अजून जोरात!" म्हणून ओरडतो. लेकरं त्याच्या भरवशावर वर सोडतो आणि सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशीच भांडतो. तो जेवला का, हे मीही विचारलं नव्हतं. मी त्याला स्प्रिंग समजावत होतो. तिकडे बर्फाच्या देशांत खुर्चीला रात्री छप्पर मिळतं. हा खालच्याच पाळण्यात पाय दुमडून झोपतो. चादर होती त्याच्याकडे, विटलेली.

काम आटोपल्यावर मी म्हणालो, "एक फेरी मारून बघू?"

"एकट्याला नाही बसवता येत. समोरच्या बाजूला तेवढंच वजन लागतं." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिघं तरी घेऊन या."

विद्या पुन्हा उसळली. "अरे, 1893 साली शिकागोला फेरिसच्या चाकात एकेका केबिनीत 60 माणसं मावायची!"

"मावत असतील की," तो हात पुसत म्हणाला, "तुम्ही नव्हता ना त्यात?"