सुरांची टक्केवारी
विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून गुरुगृही अडकलेली विद्या वर्गात आणली, आणि शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण देऊन महाराष्ट्र शासनाने ती थेट टक्केवारीत पोहोचवली. परिणामी संगीतशिक्षकाला शाळेत पाहुण्यांपुरते स्वागतगीत बसवावे लागते, तर खासगी शिकवणीत षड्ज, म्हणजे सप्तकाचा आधारस्वर, लागण्यापूर्वीच पालक गुणांची चौकशी करतात. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया आवरण्यासाठी न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक सळया लागतात. रियाज, म्हणजे रोजचा स्वरसराव, थांबवण्यासाठी मात्र परीक्षेचा निकाल पुरेसा ठरतो.