करार-1 : एक नवे वाण

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं आणि वऱ्हाडाचं नाव गिनीज बुकात चढलं. आता अमरावतीचा उद्योजक अकोल्याच्या शास्त्रज्ञाला भेटायला झटकन येतो. पुढच्या कामाचा विक्रम कोणी मोजत नाही, ते बरंच आहे.

अकोल्याच्या कृषिनगरात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि महाबीजचं मुख्यालयही आहे. एक वाण काढतं, दुसरं बियाणं विकतं. पिनकोडसुद्धा एकच, 444104. पीकेव्ही हायब्रीड-2 हा विद्यापीठाचा संकरित कापूस एके काळी वऱ्हाडात घरोघरी माहीत होता. 2002 मध्ये खासगी कंपन्यांचं, बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी बियाणं आलं आणि शेतकरी तिकडे वळला. आपल्या वाणात ते जनुक बसवून पिशवी दुकानात यायला दीड दशक लागलं. तोवर, 2017 च्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने बीटीशी परस्पर समझोता करून टाकला होता. जनुकाचे हक्क, परवानग्या, चाचण्या हे सगळं खरंच किचकट असतं, हे मान्य. पण अळीला कोणाची सही लागली नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या जॉइंट अ‍ॅग्रेस्कोत, म्हणजे राज्यातली चारही कृषी विद्यापीठं जिथे आपापल्या शिफारशी मंजूर करून घेतात तिथे, ‘करार-1’ हे वाण प्रसारित करावं. सामंजस्य करार हेच आपल्याकडचं सर्वांत भरवशाचं पीक. जमीन कोणतीही चालते, गालिचा अंथरलेला असला तर उत्तम. पेरणी पाहुण्यांची तारीख मिळेल त्या दिवशी. मात्रा शाल आणि श्रीफळाची, पाणी फक्त बाटलीतलं. बोंडअळी, करपा, मर, कशालाच बळी पडत नाही, कारण ते फायलीच्या बाहेरच येत नाही. पक्व व्हायला 364 दिवस, त्यानंतर नूतनीकरण. उत्पन्न व्यासपीठामागे एक फोटो. त्यात उद्योजक कॅमेऱ्याकडे बघतो, संशोधक उद्योजकाकडे आणि दोघांच्या मधल्या लाल फाईलकडे कोणीच नाही.

अकोल्याच्याच विद्यापीठाच्या मिनी डाळ मिलला मात्र हे वाण मानवलेलं दिसत नाही. तिच्यातला एमरीचा रूळ तुरीचं टरफल ओरखडतो, मग दाण्याला तेलाचा हात देऊन मुरवायचं, वाळवायचं आणि डाळ फोडायची. अकोल्याच्या मोठ्या डाळ मिलांचं काम एका खोलीत मावलं. कारखानदारांनी यंत्र बनवलं, बचत गटाच्या बायांनी चालवलं आणि तूर तशीच विकण्याऐवजी गावात डाळ विकली जाऊ लागली.

अशी यंत्रं जोडणाऱ्या मिस्त्रीला विचारा, संशोधकाशी तुझं जमतं कसं? उत्तर साधारण असं येतं : “जमाचं काय भाऊ? रुळात फट जास्त झाली त टरफल निंगत नाई, कमी झाली त दाना फुटते. मंग मी बोंबलतो. साह्यब येऊन इथीसाच बसते, फट मोजते अन् मलेच इचारते, सांग बापू, किती ठेवाची?”

या बैठकीचं छायाचित्र उपलब्ध नाही.