पौंड मोजून पाऊस

पाऊस अंगावर घेण्यासाठी पैसे मोजायचे, ही कल्पना कोकणात वाढलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही. आमच्याकडे चार महिने तो फुकट, शिवाय घरपोच. कौल फुटकं असेल तर थेट अंथरुणात. त्यामुळे २०१२ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात ‘सिंगिन इन द रेन’ हे संगीत नाटक लागलं असताना भाची म्हणाली, “मामा, पुढच्या रांगेत पाणी उडतं बरं का!” तेव्हा मी आधी मागच्या, कोरडवाहू रांगांचा भाव विचारला. तो कमी निघाला. बागायत महाग आणि जिरायत स्वस्त, हा हिशेब विलायतेतही चुकत नाही. पण भाचीने बागायतीचीच तिकिटं काढली.

मूळ सिनेमा १९५२ चा. त्याची जन्मकथा मला फार आवडते. निर्माता आर्थर फ्रीड हा मुळात गीतकार. संगीतकार नेसिओ हर्ब ब्राऊनबरोबर त्याने केलेली जुनी गाणी पडून होती. त्याने बेटी कॉमडेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला सांगितलं, या गाण्यांभोवती एक गोष्ट रचा. म्हणजे शुद्ध फोडणीची पोळी! पण ती अशी काही जमली की ताज्या पोळ्या विसरून लोक साठ वर्षांनीही तीच मागत होते.

गोष्ट १९२७ मधली, मूकपट जाऊन बोलपट येतानाची. लीना लॅमाँट ही पडद्यावरची सम्राज्ञी; तोंड उघडलं की मात्र कानात खिळे. मग पडद्यामागून दुसऱ्या मुलीचा आवाज द्यायचा, असा कट शिजतो. तो उघडकीला येतो तेव्हा प्रेक्षागृहात आनंदाची लाट उसळली. मला मात्र लीनाबद्दल वाईट वाटलं. दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलवणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, उद्योग आहे. मुंबईत जन्मली असती तर बाईच्या नावाने चौक झाला असता. त्यातून गंमत अशी की, सिनेमात ती दुसरी मुलगी झालेली डेबी रेनल्ड्स लीनाच्या संवादांना ‘आवाज देते’ त्या प्रसंगात ऐकू येतो तो खरं तर लीना झालेल्या जीन हेगनचाच स्वच्छ आवाज. चोराच्या घरात चोरी म्हणतात ती ही.

रंगमंचावर ही सोय नाही. तिथे नाचणाऱ्यालाच गायचं असतं, आणि धाप लागली तरी ती गालातल्या हसण्यामागे लपवायची असते. सिनेमाचा नायक जीन केलीने पडद्यावर ते पावसातलं गाणं अंगात १०३ ताप असताना केलं म्हणतात. आपण ते कोरड्या सदऱ्याने बघतो. इथे ॲडम कूपर, मूळचा रॉयल बॅलेचा नर्तक, खऱ्या डबक्यात खरे पाय आपटत होता. पहिली लाथ बसली आणि पाणी झुंबराच्या उजेडात कमान करून आमच्या दिशेने निघालं.

सौ.ची तयारी पक्की होती. तिच्या पर्समध्ये पिशवी असते, त्या पिशवीत पिशवी असते. साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी तिने शांतपणे डोक्यावर चढवली. पलीकडे बसलेला सूटवाला साहेब ओल्या चष्म्यातून तिच्याकडे आशेने पाहू लागला. तिने दुसरी काढून दिली. त्यानेही ती घातली. पुढे दोघं, एकमेकांच्या भाषेचं काही अडलं नाही, प्रत्येक लाथेला लहान मुलांसारखी ओरडत होती. मी? मी जागेवरून अर्धा उठून ‘वन्समोअर’ म्हणणार होतो. संगीत नाटकात मुरलेल्या माणसाला एवढी मुभा हवीच. पण मध्यंतर झालं आणि रंगमंचावर पुसणी फिरायला लागली. सहा वेळा ‘वन्समोअर’ घेणाऱ्या आमच्या गायकनटांमागे पुसण्याचं हे काम नव्हतं, एवढं मान्य केलं पाहिजे.

माझी इच्छा शेवटी पुरी झाली. अख्खा संच छत्र्या घेऊन पुन्हा पावसात उतरला, आणि एकट्या कूपरला जे साधलं नव्हतं ते सगळ्यांनी मिळून साधलं: मी बनियनपर्यंत भिजलो. एवढ्या माणसांनी विनाकारण इतकं खूश असावं, आणि ते बघून आपणही काही न विचारता खूश व्हावं, याला दुसरं काही नाव देता येत नाही. पैसे वसूल म्हणायचं फार तर.

दिवे लागल्यावर साहेबाने डोक्यावरची पिशवी काढली, झटकली, चार घड्या केल्या, “थँक यू सो मच” म्हणत कमरेत वाकला आणि ती आठवण म्हणून कोटाच्या खिशात सरकवू लागला. सौ.ने हसून हात पुढे केला. इतकी जाड पिशवी हल्ली मिळत नाही.