एक कोंबडा, चार कोंबड्या आणि वंशरक्षण

हैदराबादच्या मलकपेठेत राहणाऱ्या माणसाला खानदानाच्या गप्पा नव्या नाहीत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ साली घोड्यांच्या शर्यती मौला अलीहून इथे, आपल्या महबूब मॅन्शनजवळ आणल्या. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा घोड्याच्या आजोबांवर वाद होतात. थरोब्रेड घोड्यांची वंशवही इंग्लंडात १७९१ साली छापली गेली आणि आजच्या बहुतेक थरोब्रेडांची बापाकडची रेघ डार्ली अरेबियन नावाच्या एकाच घोड्याला जाऊन भिडते. माझी स्वतःची रेघ पणजोबांपाशीच पुसट होते. ते नांदेडकडून निजामाच्या चाकरीत आले, पुढचं कोणी लिहून ठेवलं नाही. अशा माणसाने दुसऱ्याचा वंश राखायला निघावं, यातली गंमत आमच्या घरात सगळ्यांना कळली, मला सोडून.

घोडा पेन्शनीत बसत नव्हता, म्हणून मी असील कोंबड्यावर आलो. असील म्हणजे हिंदुस्थानातली जुनी लढाऊ जात. ताठ मान, लांब पाय, अंगाला चिकटलेली राठ पिसं, छातीवर पिसं इतकी विरळ की लाल कातडी दिसते, आणि डोक्यावर तुऱ्याऐवजी तीन रांगांची बुटकी गाठ. कोंबडी वर्षाला तीस-चाळीस अंडी घालते आणि मग खुडूक होऊन बसते. तीनशे अंडी देणाऱ्या पांढऱ्या लेअरपुढे तिचा हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून लोक संकर करतात आणि अस्सल रक्त पातळ होत जातं. तेही या जातीचं, जिला इंग्रजांनी कॉर्नवॉलला नेऊन तिच्यापासून कॉर्निश कोंबडी घडवली आणि तिचा अंश जगभरच्या ब्रॉयलरमध्ये उतरवला. म्हणजे आपण रविवारी चिकन सिक्स्टीफाइव्ह खातो तेव्हा या घराण्याचे लांबचे नातेवाईकच खात असतो. हे मी जेवताना सांगितलं, तेव्हापासून धाकट्या सुनेने माझ्यासमोर जेवणं सोडलं.

जुन्या शहरातल्या एका गृहस्थांनी मला कोंबडा दाखवला. तो माझ्याकडे मोतिया डोळ्याने असा बघत होता, की परीक्षा माझीच चालली आहे असं वाटलं. "साब, इसके परदादा कू मेरे दादा पाले थे. मिलावट का नाम नक्को लो," मालक म्हणाले. माझ्या पणजोबांपेक्षा त्याच्या पणजोबांची माहिती जास्त होती. मी तिथेच विरघळलो. त्याच्याबरोबर चार कोंबड्या घेतल्या. वंशावळीचा पुरावा म्हणून मालकांनी छातीवर हात ठेवला.

गच्चीवर खुराडं उभं राहिलं. कोंबड्याचं नाव मी नवाबसाहेब ठेवलं. पहाट व्हायची वाट न पाहता ते तीन वाजताच आरवत. चारही कोंबड्यांनी आपसांत मारामारी करून पहिल्यांदा मान ठरवून घेतला, नंतर माझा. दाणे टाकायला मी सासऱ्यांची छत्री ढालीसारखी पुढे धरून जात असे. "अहो, निदान हेल्मेट घाला," ही म्हणाली. तिने ते थट्टेने म्हटलं होतं, मी मात्र घालायला लागलो.

संक्रांत जवळ आली आणि एक पोलीस वर आला. आमच्याकडे संक्रांत म्हटली की गोदावरी जिल्ह्यांतल्या 'कोडी पंदेलु'ची, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजींची आठवण होते. १९६० च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा असला तरी पैज थांबत नाही. २०२१ साली जगतियाल जिल्ह्यात पायाला सुरी बांधलेल्या कोंबड्याच्या हातून (म्हणजे पायातून) एक माणूस मेला आणि त्या कोंबड्याला काही काळ पोलीसठाण्यात ठेवून दाणापाणी घालावं लागलं होतं. हेल्मेट घातलेला म्हातारा, छत्री आणि लढाऊ कोंबडा पाहून वर आलेल्या पोलिसाला काय वाटलं असेल! मी माझ्या दखनीत जनुकीय विविधता समजावली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पैज कितने की लगती, साब?"

गल्लीत एक निवृत्त पशुवैद्य आहेत. त्यांनी पाटीवर हिशेब मांडला. नरमाद्यांच्या संख्यांचा गुणाकार, चारपट, भागिले बेरीज. एक नर, चार माद्या: ३.२. कागदावर पाच पक्षी, वंशाच्या दृष्टीने तीनच. दर पिढीला रक्त पंधरा टक्क्यांहून अधिक आपसांत मिसळणार. आकडा निदान पन्नासवर जायला हवा, म्हणजे याच प्रमाणात सोळा कोंबडे आणि चौसष्ट कोंबड्या. शिवाय असील नर एकत्र ठेवता येत नाहीत. सोळा खुराडी, सोळा बांगा. मी गच्चीची लांबी मनात मोजली. जिन्यात उभ्या असलेल्या हिने ती माझ्या चेहऱ्यावर वाचली.

पुढे पिल्लं मोठी झाली आणि एकाच्या डोक्यावर गाठीऐवजी सरळसोट, दातेरी, भाजीबाजारातल्या कोंबड्यासारखा तुरा उगवला. मी आईवर संशय घेतला. कोंबडी नराचं बीज दोन-तीन आठवडे अंगात साठवते, तेव्हा ती माहेरूनच काही घेऊन आली असेल, असं मी म्हणालो. डॉक्टरांनी अंडी कधी बसवली ते विचारलं. ती बरीच नंतरची होती. मग ते म्हणाले, "गाठीसारखा बुटका तुरा सरळ तुऱ्यावर भारी पडतो. पिल्लात सरळ तुरा दिसला, म्हणजे तो आई आणि बाप दोघांकडून आला. तुमचे नवाबसाहेबही भेसळीचेच." बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. मला ते आमच्या गच्चीवर, वर्षभराचा दाणा घातल्यावर कळलं.

नवाबसाहेबांना हे कळवलं नाही. ते अजून तीनलाच आरवतात.

एवढ्यावरही कोणाला असील राखायचा असेल, तर एवढं करा. कोंबडे निरनिराळ्या घरांतून घ्या, प्रत्येकाच्या पायात नंबराची पट्टी घाला, कोणतं अंडं कोणत्या कोंबडीचं ते वहीत लिहा आणि विकणाऱ्याच्या आजोबांवर विसंबू नका. राजेंद्रनगरला केंद्राचं कुक्कुट संशोधन संचालनालय असीलचे कळप सांभाळतं. कोंबडा विकत घेण्याआधी तिथे चौकशी करा. आणि मलकपेठेतलं एक तयार खुराडं, छत्रीसकट, फुकट मिळेल. नवाबसाहेबही मिळतील, पण वंशावळ मागू नका.