भोक पाडण्याआधी

होडीला मासे शोधणाऱ्या सोनार यंत्राचा ट्रान्सड्यूसर बसवायचा, तर मालक तळाला भोक पाडण्याआधी चौघांना विचारतो. चुकून पाणी शिरलं तर होडीच जायची! बीड जिल्ह्याला समुद्र नाही, ट्रान्सड्यूसर मात्र आहे: सोनोग्राफीचा. तोही आवाज पाठवून प्रतिध्वनी ऐकतो. पण पडद्यावरचा डाग दाखवून डॉक्टरने ‘पिशवी काढा, नाहीतर पुढे कॅन्सर होईल’ म्हटलं, की इथं चौघांना विचारायची रीत नव्हती.

2019 च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. (साऱ्याच शस्त्रक्रिया विनाकारण नसतील, पण एवढ्या?) पिशवी नाही तर पाळी नाही, पाळी नाही तर खाडा नाही, खाडा नाही तर दंड नाही. मुकादमाच्या या अर्थशास्त्राला दुसऱ्या मताची गरजच काय?

अखेर प्रशासनानेच दुसरं मत सक्तीचं केलं. आता पिशवी काढायची तर खासगी दवाखान्याला आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. तेव्हा बायांनो, अंगठा उठवण्याआधी तो परवानगीचा कागद मागा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची तेव्हा फिटेल.